तुझो वाटो खंय?

बर्लिन,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांना सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर जे झालं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. रेंज जात होती, बाबा ओरडत होते, मी ओरडत होते आणि मधेच आई "जेवलंस काय?" म्हणून विचारत होती. म्हणून हे पत्र. पोस्टानं पाठवतेय, म्हणजे बाबांना मधे तोडता येणार नाही.

बाबा, सगळे मिळून जाळं किनाऱ्यावर ओढतात आणि मासळीचे वाटे करतात त्या आपल्या रापणीवरून तुमचा एकच प्रश्न होता. "रापणीत दोर वढता तेका वाटो गावता. तू रात्री जागान लोकांचा काम फुकट करतंस, तुझो वाटो खंय गो?" शिवाय वाडीतल्या कुणीतरी तुमच्या कानावर घातलंय की बाय चांगली नोकरी सोडून समाजसेवेला निघाली. नोकरी सोडतेय हे खरं. समाजसेवा वगैरे काही नाही. रात्री जागून मी ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांसाठी उघडे ठेवलेले संगणकाचे प्रोग्राम दुरुस्त करते. नीट सांगते.

आधी हातातला फोन घ्या. सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली 'फोनबद्दल' असतं, त्यात कायदेशीर माहिती, त्यात ओपन सोर्स परवाने. नानाकाकांच्या मुलाला काढून द्यायला सांगा, प्रत्येक फोनात जागा वेगळी. मग बोटानं वर सरकवत राहा. संपता संपत नाही. बारीक इंग्रजीत मधे मधे माणसांची नावं दिसतील. ही माझ्यासारखीच माणसं. फोनच्या तळाशी बाकी सगळं ज्याच्यावर चालतं असं जे लिनक्स आहे ते १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं हौस म्हणून सुरू केलं आणि घ्या म्हणून सगळ्यांपुढे ठेवलं. तुमचे मेसेज फोनात साठवून ठेवणारं एसक्यूलाइट अमेरिकेतल्या रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिलं, त्याच्यावर त्यांनी हक्कसुद्धा ठेवला नाही. स्वीडनमधल्या डॅनियल स्टेनबर्ग यांचा कर्ल नावाचा प्रोग्राम आहे, काम इथली माहिती तिथे पोचवायचं. तो इतक्या यंत्रांत आहे की गाडीच्या स्क्रीनवर परवान्यांच्या यादीत त्यांचं नाव वाचून लोक त्यांनाच मेल करतात, माझी गाडी नीट चालत नाही, काय करू? बिचारे.

फुकट म्हणजे एवढंच की कोणीही न्यावं, उघडून बघावं, बदलावं, विकलं तरी चालेल. रापणीशी जुळत नाही ते इथे. मासळी वाटली की टोपली रिकामी होते, प्रोग्राम कितीही जणांनी नेला तरी तेवढाच राहतो. त्यामुळे नेणाऱ्यावर कोणी डाफरत नाही. पण ओढायला माणसं लागतातच, आणि तुमचा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे. तो चुकीचा नाही, हेच तर त्या दिवशी मला सांगायचं होतं.

माझी सुरुवात कशी झाली ते आईला ठाऊक आहे. पुण्यात असताना नावं अकारविल्हे लावणारा एक छोटा ओपन सोर्स प्रोग्राम आम्ही वापरायचो. मराठी नावं टाकली की तो मालवणकर, माळगावकर, माहीमकर असा क्रम लावायचा. युनिकोड म्हणून संगणकाच्या अक्षरांचा जो तक्ता आहे, त्यात ळ हा ल च्या पाठोपाठ बसवलाय. आपल्याकडे शाळेत ह झाल्यावर ळ, मग क्ष आणि ज्ञ. म्हणजे माहीमकर आधी हवेत. मी दुरुस्ती लिहून पाठवली. प्रोग्राम सांभाळणारा माणूस झेक, त्याला देवनागरीतलं ओ की ठो कळत नाही. त्यानं उत्तर दिलं, तू म्हणतेस म्हणून मी बदलणार नाही, पुरावा दे. मी चिडून आईला फोन केला. आईनं माळ्यावरून माझं पहिलीचं पुस्तक शोधून काढलं, कडेनं वाळवीनं खाल्लेलं, आणि वर्णमालेच्या पानाचा फोटो पाठवला. फोटोच्या कोपऱ्यात तिचा हळदीनं पिवळा झालेला अंगठा. सोबत मी वर्णमालेचा २००९ चा शासन निर्णय जोडला. त्यावर त्यानं आणखी सतराशेसाठ शंका काढल्या. जोडाक्षरांचं काय? नेपाळी आणि हिंदीला धक्का लागणार नाही ना? शेवटी दुरुस्ती आत गेली. तिच्याखाली माझं नाव आहे, आणि पुरावा म्हणून आईचा अंगठा तिथे कायमचा लागलाय. कोणीही जाऊन बघावा.

तोवर माझं काम इतकं बारकाईनं कोणी वाचलंच नव्हतं. ऑफिसात चाललं ना, मग झालं, असा कारभार. मुलाखतींत तर मालवणच्या तंत्रनिकेतनातला डिप्लोमा म्हटलं की समोरचा विचारायचा, हे नेमकं आलं कुठे? त्या झेक माणसानं मी कुठली हे विचारलंच नाही. त्याला फक्त ळ बद्दल जाणून घ्यायचं होतं.

मग मी पोस्टग्रेसमध्ये शिरले. हा डेटाबेस, म्हणजे माहितीची वखार म्हणा. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली त्याचं काम सुरू झालं, आणि १९९६ पासून पोस्टग्रेस्क्यूएल या नावानं जगभरची माणसं तो सांभाळतात. मालक कोणी नाही. त्यांचे दोन नियम तुमच्या रापण संघाच्या बैठकीत सांगण्यासारखे आहेत. तू एक दुरुस्ती पाठवलीस, तर तेवढ्याच जड अशा दुसऱ्या कोणाच्यातरी दुरुस्तीची तपासणी करायची. आणि कारभार बघणाऱ्या मुख्य मंडळात एकाच कंपनीची अर्ध्याहून जास्त माणसं बसवायची नाहीत, मग ती कंपनी कितीही पैसे ओतू दे.

रात्री जागून मी बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या दुरुस्त्या वाचत असते. उणे चिन्हाच्या ओळी काढलेल्या, अधिक चिन्हाच्या ओळी घातलेल्या. एखादी दहा ओळींची दुरुस्ती पूर्ण संध्याकाळ खाते, कारण त्या दहा ओळी आणखी कुठे कुठे वापरल्या जातात ते शोधत हिंडावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. मला आवडतं. आईला तांदूळ निवडताना बघणारे म्हणायचे ना, हिचा वेळ कसा जातो कोण जाणे!

आता वाट्याचं. पहिला वाटा मला आधीच मिळालाय. बर्लिनची ही नोकरी लागली तेव्हा मुलाखत जेमतेम तासाभराची झाली. माझं काम त्यांनी आधीच उघड्यावर वाचलं होतं, माझी भांडणंसुद्धा. माझ्यासारखीच्या मागे ना मोठ्या कॉलेजचं नाव, ना कोणाची ओळख. व्हिसा, पगार, घराचा पहिला मजला, सगळं त्या फुकटच्या कामातून आलं. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलंत ते नेहमी "कंपनी चांगली असा मां?"

पण सगळ्यांना असं मिळत नाही. एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुम्ही म्हणाल मी बरोबर होतो. ओपनएसएसएल नावाचा प्रोग्राम आहे, बँकेचे व्यवहार गुप्त ठेवायला अर्धं जग तो वापरतं. २०१४ साली त्यात हार्टब्लीड नावाचं मोठं भोक सापडलं तेव्हा बाहेर आलं की त्याला वर्षाला साधारण २,००० डॉलर देणगी येत होती. त्यावर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या होत्या. यांत्रिक बोटींनी मासळी ओरबाडणाऱ्या पर्ससीनवाल्यांबद्दल तुम्ही जे शब्द वापरता ते मी इथे लिहीत नाही.

आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये झालं ते त्याहून वाईट. फाइल दाबून लहान करणारा एक्सझेड नावाचा प्रोग्राम. फिनलंडचे लासे कॉलिन कित्येक वर्षं तो जवळपास एकट्यानं सांभाळत होते, बिनपगारी. त्यांनी लिहिलंही होतं की माझं मन ठीक नाही, आणि हे मी हौसेनं करतोय. तिथे जिया टॅन या नावानं कोणीतरी मदतीला आलं. दोन वर्षांहून जास्त काळ चोख काम केलं. दुसऱ्या कुठल्याशा नावांनी लोक कॉलिन यांच्या मागे लागले, तुम्ही फार संथ आहात, दुसऱ्याच्या हाती द्या. थकलेल्या माणसानं जिया टॅनला अधिकार दिले. त्या नावाच्या माणसानं २०२४ च्या फेब्रुवारीत प्रोग्रामात चोरदरवाजा बसवला. तो पसरला असता तर जगातल्या किती सर्व्हरांत परक्यांना शिरता आलं असतं, कल्पना करवत नाही.

सापडला कसा, तर आमच्या पोस्टग्रेसमधल्याच आंद्रेस फ्रॉइंड यांना. ते दुसरंच काहीतरी मोजत होते, त्यात दिसलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कोणी म्हणाला असता, नेट स्लो असेल. हे खणत बसले. २९ मार्चला त्यांनी सगळ्यांना सांगितलं, तोवर तो नासका प्रोग्राम बहुतेक संगणकांत पोचला नव्हता.

ते वाचल्यापासून माझं इथल्या ऑफिसात लक्ष नव्हतं. त्यात मला टीम लीड करायचं ठरलं. पगार वाढणार होता, पण कामाचं स्वरूप म्हणजे सकाळपासून मीटिंगा आणि माणसांच्या रजा मंजूर करणं. कोडला हात लावायचा नाही. मी नाही म्हटलं.

या महिन्याच्या सुरुवातीला ब्रुसेल्सला गेले होते ते सहलीला नव्हे. तिथे फॉसडेम म्हणून मोठा मेळावा भरतो, विद्यापीठाच्या वर्गांमध्ये. तिकीट नाही, नाव नोंदवायचं नाही, हजारो माणसं. चांगल्या भाषणाला जायचं तर आधीच्या भाषणापासून बसून राहावं लागतं, नाहीतर दारावर 'जागा नाही' असा कागद. आंगणेवाडीच्या जत्रेच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला तिथे काही जड जात नाही. बाहेर पावसात बटाट्याचे तळलेले तुकडे खात उभी होते, तर पाठीमागून एकानं विचारलं, अंगठेवाली तूच का? तोच झेक माणूस! त्यानं मला आणखी दोघांशी गाठ घालून दिली आणि त्यातून ही नवी नोकरी आली.

कंपनी लहान आहे. लोकांना पोस्टग्रेस चालवायला मदत करते, त्याचे पैसे घेते. माझा अर्धा वेळ त्या गिऱ्हाइकांसाठी, अर्धा वेळ दुसऱ्यांच्या दुरुस्त्या तपासायला, आणि पगार पूर्ण वेळाचा. म्हणजे रात्री जागून करत होते तेच आता दिवसा, पगार घेऊन. सध्यापेक्षा पगार थोडा कमी आहे, ते लपवत नाही. लीड झाले असते त्याच्या तुलनेत बराच कमी. तेवढं नुकसान मी समजून उमजून घेतलंय, आणि त्यावरून तुम्ही चिडलात तर चिडा.

असं पैसे देणारं हल्ली वाढतंय. इथल्या सरकारनं २०२२ साली सॉव्हरिन टेक फंड काढला, ज्यांच्यावर बाकी सगळं उभं आहे अशा प्रोग्रामांच्या देखभालीला पैसे देण्यासाठी. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाल कंपनीनं गेल्या वर्षी वर्षाला १० लाख डॉलर जगभरच्या ओपन सोर्स कामाला द्यायचं जाहीर केलं. हे सगळं मिळूनही कमीच आहे. लासे कॉलिन यांच्यासारखे किती जण आजही एकटे बसलेले असतील, आणि त्यांचा हप्ता कोण भरतं, हे मला तुमच्याइतकंच खटकतं.

नानाकाकांच्या मुलाला सांगा, अमेरिकेचं वेड डोक्यातून काढ असं मी म्हणत नाही, पण आधी काहीतरी उघड्यावर लिही. मुंबईतली फ्रॅपे ही कंपनी ईआरपीनेक्स्ट नावाचा हिशेबाचा प्रोग्राम असाच उघडा ठेवून चालवते, तो वाचायला परवानगी लागत नाही. एखादं चुकीचं मराठी भाषांतर दिसलं तर दुरुस्त करून पाठव म्हणावं. पहिल्यांदा कोणी शंका काढली तर रुसून बसू नको. आणि फोनवर खेळ खेळणं म्हणजे आयटी नव्हे, हेही सांगा.

नवी नोकरी १ एप्रिलपासून. मधे एकही दिवस मोकळा नाही. घराचा हप्ता ५ तारखेला जातो तसाच जाईल, बँकेत विचारून घ्यायची गरज नाही, आणि वाडीत कोणी विचारलं तर पगार कमी झाला हे मात्र सांगू नका. चवथीला येतेय, २७ ऑगस्टच्या आधी चार दिवस. रुजू व्हायच्या आधीच ती सुट्टी मागितली, त्यांनी दिली. रापणीचा हंगाम तेव्हा जेमतेम सुरू होत असेल, तरी दांडीच्या किनाऱ्यावर एकदा घेऊन चला, दोर ओढायची सवय मोडलीय.

बाबा, अजून काही विचारायचं असेल तर कागदावर लिहून पाठवा. आमच्याकडे शंका लेखीच घेतात.

तुमची
बाय

ता. क. आई, सोलं संपली. कोण या बाजूला येणारं असेल तर डबा भरून दे, पण गेल्या वेळसारखी लोणच्याच्या बरणीला लागून ठेवू नको.