ताई, आजींना आत बोलावलंत म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

२२क्यू११.२ डिलिशन, म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा जन्मापासूनच नसलेल्या मुलांचे आम्ही आईवडील मिळून, जनुकीय सल्ला देणाऱ्या तुमचे आभार मानायला हे पत्र लिहितोय. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, वाचताच तुम्हाला कळेल.

तुमच्या खोलीपर्यंत पोचणाऱ्या बहुतेक फायलींत साध्या कॅरिओटाइपचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहण्याच्या तपासणीचा, 'नॉर्मल' रिपोर्ट असतो. बाविसाव्या गुणसूत्रातला साधारण तीस लाख डीएनए-अक्षरांचा तुकडा गेलेला असतो, पण त्या तपासणीत एवढा बारीक तुकडा सहसा दिसत नाही. त्याला फिश किंवा मायक्रोअॅरेसारखी जास्त बारकाईची जनुकीय तपासणी लागते. बाळाच्या हृदयात जन्मजात दोष, दूध नाकातून परत येतंय, वर झटके. तिन्ही गोष्टी एकाच फाइलीत असूनही मोठमोठ्या दवाखान्यांत हे कुणाला सुचू नये? या मुलांना कॅल्शियम उतरल्यानेही झटके येतात, पण झटक्यांवर फिटची औषधं वाढत गेली आणि रक्तातलं कॅल्शियम कुणी तपासलंच नाही. "आता पुढच्या बाळाचं बघा" हे मात्र सांगून झालं. तो राग अजून गेलेला नाही.

आणि मग तुम्ही. एका बाळाच्या रिपोर्टात 'डी नोव्हो' असे दोन शब्द होते, म्हणजे आईबापांकडून न आलेला, नव्याने झालेला बदल. तुम्ही ते आईबापांना समजावलेतच, पण बाहेर बाकावर बसलेल्या आजींनाही आत बोलावलंत. पेन्सिलीने दोन काड्या काढल्यात, एकीचा बारीकसा तुकडा खोडरबराने पुसलात आणि म्हणालात, "आजी, हा तुकडा हिच्याकडे आहे, तुमच्या मुलाकडेही आहे. बाळाची घडण सुरू होतानाच तो गळला. ग्रहण पाळलं असतं तरी गळलाच असता." आजींनी तो कागद चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. त्या घरात सुनेला लावला जाणारा बोल त्या दिवशी थांबला. हे कुठल्या औषधाने झालं असतं?

खोटा दिलासा तुम्ही कधीच दिला नाहीत. दहातल्या साधारण एका मुलात हे आईकडून किंवा वडिलांकडून येतं, कधी त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. मग प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता. म्हणून दोघांचीही तपासणी करा, आणि दोघे नॉर्मल निघाले तरी शंभरात एखाद्या वेळी पुन्हा होऊ शकतं, हे तुम्ही स्पष्ट सांगता.

तुम्ही मराठीत लिहून दिलेला एक पानी कागद आज आमच्या प्रत्येक फाइलीत सगळ्यात वर, लॅमिनेट करून आहे. रात्री दोनला कॅज्युअल्टीत नवखे डॉक्टर असले की आम्ही आधी तोच पुढे करतो. झटका आला तर आधी कॅल्शियम पाहा, सोबत मॅग्नेशियम आणि कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन. रक्त चढवायचं तर रेडिएशन दिलेलंच, कारण प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी कमी असल्या तर दात्याच्या पेशी बाळावर उलटू शकतात. टी-पेशी तपासल्याशिवाय रोटा, गोवर-रुबेला यांसारख्या जिवंत लसी नकोत. बोलणं नाकातून येत असेल तर टाळू नीट तपासल्याशिवाय अॅडिनॉइड (नाकामागची गाठ) काढू नका, बोलणं आणखी बिघडतं.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही तसंच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत या सिंड्रोमचं नाव नाही, म्हणून अर्जात नाव लिहून थांबू नका. बुद्ध्यांक, ऐकणं, बोलणं यांचे रिपोर्ट जोडा. हे तुम्ही सांगितलंत म्हणून कित्येकांची एक फेरी वाचली.

ताई, त्या कागदावर आम्ही एक ओळ वाढवली आहे: "कॅल्शियम एकदा सुधारलं म्हणून निर्धास्त राहू नका, वयात येताना, मोठ्या तापात, ऑपरेशनच्या वेळी ते पुन्हा उतरू शकतं." नव्या प्रती छापायला देण्याआधी तेवढी एकदा नजरेखालून घाला.

आपले,
बाविसाव्या गुणसूत्रवाल्या लेकरांचे आईबाप