दशमांश थांबवलाय, आणि बाबा, सही करू नका

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर हे सांगितलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि आईने विषय बदलून जेवलीस का विचारलं असतं, म्हणून लिहिते आहे. मुलुंडच्या मिनिस्ट्रीला, म्हणजे त्या प्रार्थना-संस्थेला, तुमच्या खात्यातून दरमहा जाणारा दशमांश, उत्पन्नाचा दहावा भाग, मी या महिन्यापासून थांबवला. खात्यावर माझंही नाव आहे, त्यामुळे बँकेत अर्ज देऊन ऑटो-डेबिट रद्द करता आलं. पैसे कुठे वळवलेले नाहीत, खात्यातच आहेत. पेन्शन, औषधं, सोसायटीचा मेन्टेनन्स, गॅस, वीणाबाईंचा पगार, सगळं पूर्वीसारखंच चालू राहील. एकही पैसा अडणार नाही.

देवाला दिलेलं मी अडवते आहे असं मनात आणू नका. आजी कसं द्यायची ते आठवा. रुमालाच्या गाठीतून पैसे काढताना तिने कधी दोनदा मोजले नाहीत, पण केडगावहून, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधून, पावती आली नाही तर पोस्टमनला थांबवून विचारायची. मी तेवढंच करते आहे.

बाबा, तुम्हाला त्याच मिनिस्ट्रीच्या ट्रस्टचे विश्वस्त व्हायला विचारलंय हे मला मावशीकडून कळलं. तुमच्यासारखा सचोटीचा माणूस कुणालाही हवा असेल, त्यात नवल नाही. पण धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांत विश्वस्तांमधला बदल कळवणारा जो बदल अर्ज जातो, त्यावर एकदा नाव चढलं की जबाबदारी नुसती मानाची राहत नाही. पैसे गैरमार्गाने गेले तर विश्वस्ताला स्वतःच्या खिशातून भरून द्यावे लागू शकतात. ट्रस्टची जागा आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकली, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने दिली, तर प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. सही झालेली नाही ना? मग करू नका.

संस्था राजकारण्यांच्या आहारी जाते, पण या गोष्टी एका दिवसात बिघडत नाहीत. ट्रस्टचे हिशेब पाहणाऱ्याला कुठली संस्था कुठे निघाली आहे हे प्रवचनाआधी ताळेबंदात दिसतं. आधी खर्च वाढतो: मोठा हॉल, एलईडी पडदा, कॅमेरे, चॅनेलवरची वेळ, पगारी गायक. हे सगळं दर महिन्याचं देणं. अर्पण मात्र मे महिन्यात लोक गावी गेले की आणि पावसात लोकल बंद पडल्या की घटतं. खड्डा पडतो, आणि तो भरणारा कुणीतरी एक मोठा दाता येतो. शिवाय मैदानासाठी महापालिका, पोलीस, अग्निशमन दल, लाऊडस्पीकरची परवानगी, असे कागद लागतात. एखादा साहेब फोन करतो आणि महिनाभर अडलेली फाइल दोन दिवसांत हलते. मग त्याला शाल देतात. पुढच्या वर्षी व्यासपीठावर खुर्ची. त्याच्या पुढच्या वर्षी माईक, आणि तोही निवडणुकीच्या आधी. पाळकसाहेब तोवर कुठेही खोटं बोललेले नसतात, पण त्या साहेबाला बोचेल असं काही बोलायचंही त्यांनी बंद केलेलं असतं.

याला नुसती हाव म्हणणं अन्यायाचं होईल. हॉलमध्ये प्रार्थना चालू असताना कुणी गोंधळ घातला तर धावून कोण येणार, ही भीती खरी आहे. परदेशी मदत घेणाऱ्यांना तर आणखी घोर असतो. परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो, २०२० पासून सगळी परदेशी रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरते, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. अशा वेळी सत्तेतला ओळखीचा माणूस आधार वाटतो. त्या आधाराची किंमत व्यासपीठावर चुकवावी लागते, हीच अडचण आहे. विरोधी पक्षाचा झेंडा वेदीशेजारी लावणारेही तितकेच अडकलेले असतात, हेही सांगून ठेवते. नाहीतर बाबा म्हणतील की मी एका बाजूची झाले.

शिकवण बदलते ती यानंतर, आणि ती नुसत्या वगळण्यातून. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा, दर महिन्याला वाचला जातो. प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये पेत्र न्यायसभेपुढे म्हणाला, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, ते कधीच नाही. पश्चात्ताप हा शब्द मागे पडतो, आशीर्वाद आणि अधिकार पुढे येतात. प्रश्न विचारला की स्तोत्र १०५:१५ पुढे करतात, अभिषिक्ताला हात लावू नका म्हणून. ते स्तोत्र अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या देशात उपरे म्हणून फिरत होते त्याबद्दल आहे. हॉलचा हिशेब विचारणाऱ्याबद्दल त्यात काही नाही. मग व्हिडिओत वेळ जातो म्हणून विश्वासांगीकार, उपासनेत सगळे मिळून म्हणतात ती विश्वासाची कबुली, गळतो. आई, तू मला तो भायखळ्याच्या गॅलरीत वेणी घालताना पाठ करून घेतलास. त्यात एकाच राज्यकर्त्याचं नाव आहे, येशूला वधस्तंभावर पाठवणाऱ्या पंतय पिलाताचं. जिथे साहेबांचे आभार मानायचे असतात तिथे ते नाव अडचणीचं ठरत असणार.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणं चूक नाही. १ तीमथ्य २ मध्ये तसं सांगितलंच आहे. पण ती सर्व अधिकाऱ्यांसाठी, त्यांच्या पदासाठी. मतदानाच्या आधीच्या रविवारी एकाच उमेदवाराला नाव घेऊन उभं करून आशीर्वादासाठी त्याच्यावर हात ठेवणं वेगळं. १ राजे २२ बाबांनी मला किती वेळा वाचून दाखवलाय. इस्राएलचा राजा अहाब याच्यापाशी सुमारे चारशे संदेष्टे होते आणि सगळे रामोथ-गिलादवर चढाई कर म्हणत होते. एकट्या वेगळं बोलणाऱ्या मीखाया संदेष्ट्याला बोलवायला गेलेला निरोप्या काही दुष्ट नव्हता. सगळे चांगलं बोलताहेत, तूही तसंच बोल, एवढंच त्याने सुचवलं. तुम्हाला विश्वस्त व्हा म्हणणारेही असेच प्रेमळ आहेत, म्हणून मला जास्त काळजी.

जर्मनीत १९३४ च्या मे महिन्यात बार्मेनला जमलेल्या मंडळींना, चर्चने सत्तेचा आवाज व्हायचं नाही, हेच सहा कलमांत मांडावं लागलं, कारण त्यांच्याच चर्चमधला एक मोठा गट हिटलरच्या राजवटीला देवाची वाणी मानायला लागला होता. इतक्या लांब कशाला? बाबा, तुमचे अमेरिकन प्रवचनकार बिली ग्रॅहम राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या किती जवळ होते, आणि म्हातारपणी २०११ च्या एका मुलाखतीत राजकारणापासून दूर राहायला हवं होतं असं स्वतःच म्हणाले. आईसाठी पंडिता रमाबाई पुरेत. १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदनाच्या, विधवा मुलींच्या शाळेच्या, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी माणसं बाहेर पडली, कारण मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेत बसतात अशी तक्रार होती. नाव गेलं, पाठबळ गेलं, पण बाईंनी आपली प्रार्थना दार लावून केली नाही.

आता कामाचं. तरीही सही करायचीच असेल, तर आधी या गोष्टी मागा: ट्रस्ट डीड, परिशिष्ट एकचा ताजा उतारा (म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीचा; वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मिळतो, उन्हात तुम्ही जायचं नाही, मी आणेन), आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब. हिशेबात तीन जागा बघा. "इतर देणग्या" या एका ओळीत फार मोठी रक्कम आहे का. विश्वस्तांच्या नातेवाइकांना भाडं किंवा पगार जातो का. निवडणुकीच्या वर्षात "कार्यक्रम खर्च" अचानक फुगलाय का. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर तिथेच मिळालं. १९८८ च्या कायद्यानुसार धार्मिक संस्थेची जागा किंवा पैसा राजकीय कामाला वापरला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कारभार पाहणारे त्यातून सुटत नाहीत. निवडणुकीची आचारसंहिताही चर्च, मंदिर, मशीद प्रचाराला वापरू देत नाही. हे घाबरवायला लिहीत नाही. माहीत असलेलं बरं.

अर्पणाच्या पाकिटात रोख दोन हजारांवर टाकू नका, त्यावर आयकराची सूट मिळत नाही. तुम्ही दोघं नव्या करपद्धतीत असाल तर ती सूट तशीही नाही, त्यामुळे पावतीसाठी कुणाच्या मागे धावू नका. दशमांशाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर अर्धा आपल्या स्वतःच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलला आणि अर्धा आजीच्या केडगावला. तुम्ही सांगाल त्या दिवशी मी ऑनलाइन पाठवते.

तिथल्या माणसांशी बोलणं तोडू नका. थॉमसकाका आईसाठी गरम पाण्याची पिशवी घेऊन यायचे ते मी विसरलेले नाही. त्यांना घरी बोलवा, चहा द्या, फक्त हिशेबाच्या विषयावर बाबांनी वाद घालायचा नाही, रक्तदाब चढतो.

रविवारी सकाळच्या मराठी उपासनेला टॅक्सीनेच जा. पायऱ्यांपाशी कठड्याच्या बाजूने चढायचं, आईने गुडघ्याचा पट्टा घरूनच बांधून निघायचं. मुलुंडची संध्याकाळची सभा सुटली की नऊच्या लोकलमध्ये उभं राहून यायचं, ते आता बंद. बाबा, शनिवारी रक्त तपासायला द्यायचंय, रात्री दहानंतर काही खाऊ नका, आणि चहासुद्धा नाही म्हणजे नाही. आणि तो बदल अर्ज कुणी घरी घेऊन आलं तर दारातच सांगा, मुलीला विचारून कळवतो.

तुमची,
बेबी