नाडी मोजताय की पावलं?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: चष्म्यात दिसणारे चुकीचे ठोके आणि त्यावरून येणारा लाल इशारा

महोदय,

तुमचं स्मार्टवॉच आणि त्याला जोडलेला ऑगमेंटेड रिअॅलिटी चष्मा, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर आभासी चित्रं दाखवणारा चष्मा, मी तीन आठवडे वापरतो आहे. कल्पना झकास आहे. समोर एक आभासी धावपटू पळतो आणि माझ्या हृदयाच्या ठोक्यांप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. पण ठोकेच चुकीचे मिळाले तर त्या बिचाऱ्याने तरी काय करावं?

परवा हळूहळू धावत होतो, सहज बोलता येईल इतपतच. तरी आकडा १६४ वर जाऊन बसला. माझं वय ५८. २२० मधून वय वजा करायच्या ढोबळ हिशेबाने माझी कमाल १६२. झालं! डोळ्यांसमोर लालभडक पडदा आणि त्यावर 'धोका, थांबा'. पायाखालची वाटच दिसेना. दगडाला ठेचकाळलो, पडता पडता सावरलो. थांबून मानेवर बोटं ठेवून मोजलं, तर १५ सेकंदांत ३० ठोके, म्हणजे मिनिटाला १२०. थांबल्यावर ठोके उतरतात हे मान्य, पण असे धाडकन नाही. घरी येऊन नोंद पाहिली, तर त्या मिनिटातली पावलंही नेमकी १६४!

मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताची ये-जा टिपतो. हात लयीत हलला की ती लयच तो नाडी समजून बसतो. हे तुमच्या अभियंत्यांना मी सांगायला नको. त्यात कहर म्हणजे चष्म्यातला मेनू उघडायला घड्याळ बांधलेल्याच हाताच्या बोटांची चिमूट करावी लागते. चिमूट केली की मनगटाचे स्नायू ताणले जातात आणि आकडा पुन्हा उडतो.

तीनदा फोन केला, तिन्ही वेळा 'पट्टा घट्ट बांधा' एवढंच ऐकलं. बांधला. वळ उठले, आकडा तोच.

छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. तो या चष्म्याला जोडायची सोय द्या. सेन्सरला खात्री नसेल तेव्हा आकड्याऐवजी नुसती रेघ दाखवा. इशारा कोपऱ्यात द्या, वाटेवर नको. आणि हे जमणार नसेल तर दोन्ही वस्तू परत घेऊन माझे पूर्ण पैसे द्या.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. त्यात घड्याळाचा पट्टा घट्ट बांधायचा विषय नसला तर बरं.

आपला,
एक ग्राहक