मॅन्युअल घे, पण रिपोर्ट बघून

मुंबई,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. दोन सेकंडहँड पोर्श 911 कॅरेरा एस, दोन्ही 997 या मॉडेलच्या दुसऱ्या पिढीतल्या, एक सहा गिअरची मॅन्युअल आणि एक सात गिअरची पीडीके, म्हणजे पोर्शच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, आणि तुझा जीव दोघींत अडकलेला. पत्रात तू शून्य ते शंभरचे आकडे मांडलेस. मॅन्युअल 4.7 सेकंद, पीडीके 4.5, लाँच कंट्रोल, म्हणजे जागेवरून जोरात सुटायची सोय, लावलं तर 4.3. आकडे बरोबर आहेत, पण तुझ्या कामाचे नाहीत. सी लिंकवर 80 ची मर्यादा, अटल सेतूवर 100. तिथे सेकंदाच्या त्या तुकड्याचं तू करणार काय? आणि कमाल वेगात मॅन्युअलच पुढे आहे, 302 विरुद्ध 300. तेव्हा आकडे ठेव बाजूला. गाडी कुठे उभी राहणार आणि कुठे धावणार, एवढंच बघ.

आधी पीडीकेबद्दल, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. हिच्यात साध्या ऑटोमॅटिकसारखा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा जोड, नाही. दोन क्लच आहेत: एकावर 1, 3, 5, 7 हे गिअर, दुसऱ्यावर 2, 4, 6. तू तिसऱ्यात असतोस तेव्हाच चौथा लावून तयार असतो; एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो, ओढ तुटत नाही. 1980 च्या दशकात 956 आणि 962 या रेसच्या गाड्यांवर पोर्शने हेच तंत्र घासूनपुसून घेतलं. काम अप्रतिम करते, यात वाद नाही.

पण क्लच तो क्लचच. पहिल्या गिअरात, ॲक्सिलरेटर न दाबता, क्लच पूर्ण बसला की गाडी ताशी साधारण सात-आठ किलोमीटरने चालते. त्याहून हळू सरकायचं म्हणजे क्लच घसरत राहणार आणि तेल तापणार. सायनच्या जाममध्ये इंच इंच सरकणं म्हणजे तेच. उपाय सोपा आहे: पुढे दीड-दोन गाड्यांची जागा होऊ दे, मग ब्रेक पूर्ण सोड, गाडीला नीट पकड घेऊ दे, मग पूर्ण थांब. अर्धवट ब्रेक दाबून रांगू नकोस. सिग्नलला न्यूट्रल करायची गरज नाही. ब्रेक घट्ट दाबला की क्लच सुटलेलाच असतो. तुझ्या सोसायटीच्या पोडियमचा रॅम्प मात्र जपायला हवा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची, किंवा पझल पार्किंगच्या (गाड्या वरखाली सरकवणाऱ्या यांत्रिक पार्किंगच्या) पाट्यावर रिव्हर्समध्ये बोटबोट सरकवायची, याने जेवढा क्लच तापतो तेवढा घाटात तापत नाही. रॅम्प मोकळा होईपर्यंत खालीच थांब आणि एका दमात वर ये.

या गिअरबॉक्सचं खरं दुखणं आतल्या सेन्सरचं. गिअरची जागा सांगणारा सेन्सर गेला की डॅशबोर्डवर इशारा येतो, कधी रिव्हर्सच पडत नाही, आणि पुष्कळदा पूर्ण गिअरबॉक्स बदलायचा सल्ला मिळतो. जाणकार मेकॅनिक तेवढाच सेन्सर बदलतो, पण असा माणूस शोधावा लागतो. क्लचचं तेल आणि गिअरचं तेल वेगवेगळं असतं. दोन्ही बदलल्याची बिलं माग.

आता मॅन्युअल. हिची पहिली शत्रू आपली हाफ क्लचची सवय. पेडर रोडच्या चढावर क्लचने गाडी धरू नकोस. या गाडीला ओढायचा हँडब्रेक आहे, तो वापर. तपासणी अशी कर: मोकळा सपाट रस्ता, चौथा गिअर, 2000 आरपीएम, ॲक्सिलरेटर तळापर्यंत. आरपीएम उडाले आणि वेग जागेवर राहिला तर क्लच प्लेट गेली. मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलून घे, आणि ड्युअल मास फ्लायव्हीलचा, म्हणजे क्लचला लागून असलेल्या दोन भागांच्या जड चाकाचा, ढिलेपणा तपास. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर आधी तेल बघ. क्लचला ब्रेकचंच तेल लागतं, ते हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या दमट हवेत त्याला ओलाव्याची काय कमी! दर दोन वर्षांनी बदल.

गिअर तेलात काटकसर नको. पुस्तिकेत लिहिलंय तेच घाल. चुकीचं तेल फार निसरडं असलं की सिंक्रोच्या, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवणाऱ्या, कड्यांना घर्षण मिळत नाही आणि दुसरा गिअर करकरतो.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. तिसरा गिअर वर मधे, चौथा त्याच्या बरोबर खाली, दुसरा खाली डावीकडे. तिसऱ्यातून चौथा टाकताना घाईत मूठ आवळून लिव्हर डावीकडे रेटत खाली ओढला की तो दुसऱ्यात जातो. तिसऱ्याचं गुणोत्तर 1.61, दुसऱ्याचं 2.32. म्हणजे तिसऱ्यात 7000 वर असताना ही चूक झाली तर इंजिन 10,000 च्या वर फिरतं. रेडलाइन, म्हणजे इंजिनाची मर्यादा, आहे 7500. लिमिटर इथे काही करू शकत नाही, तो फक्त इंधन तोडतो, आणि इंजिनाला इथे चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. पीडीके असला गिअर घेतच नाही. म्हणून लिव्हर तळव्याने, सैल हाताने ढकल. मधे आणायचं काम स्प्रिंग करते.

आधीच्या मालकाच्या हातून हे झालंय का, ते गाडीच सांगते. इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याची, नोंद सहा टप्प्यांत राहते, शेवटची कधी झाली त्या तासासकट. स्कॅनर लावून छापील रिपोर्ट घे. खालच्या टप्प्यांत आकडे असणारच, लिमिटरला टेकलं तरी येतात. चार ते सहा कोरे हवेत.

माझं मत विचारलंस. तू ऑफिसला लोकलने जातोस आणि ही गाडी रविवारी पहाटे लोणावळ्याला निघणार. मॅन्युअल घे. रोज बीकेसीला नेणार असतास तर मी एक शब्द न बोलता पीडीके म्हटलं असतं. वळणाआधी पंजा ब्रेकवर, क्लच खाली, उजव्या पायाची कड ॲक्सिलरेटरवर हलकी टेकवून आरपीएम वर, आणि तिसऱ्यातून दुसरा लोण्यात सुरी जावी तसा पडतो. हे साठच्या वेगातही मिळतं, आणि ते फक्त तुझ्या हातापायांचं असतं. या गाडीत ते काम पीडीके तुझ्याकडून काढून घेते, आणि मला ते सोडवत नाही.

टोकन देण्याआधी रिपोर्ट मला पाठव. आणि विक्रेत्याला आदल्या दिवशीच बजाव की तू पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. दुसऱ्या गिअरची करकर पहिल्या दहा मिनिटांतच ऐकू येते, तेल तापलं की ती लपते.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मित्र