किंमत छापलीत, गोष्टी राहिल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण स्पायडरमॅन पहिल्यांदा दिसला त्या अंकावर चांगला पाऊण पान लेख दिलात. १२ सेंट किमतीचा हा अंक सप्टेंबर २०२१मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ३६ लाख डॉलरला गेला, हे लेखात तीनदा आलं. अंकात छापलंय काय, ते मात्र चार ओळींत उरकलं आणि त्यातलीही एक ओळ चुकली. ताकदीबरोबर जबाबदारीही येते, हे बेनकाका पुतण्याला, म्हणजे पुढे स्पायडरमॅन होणाऱ्या पीटरला सांगतात, असं आपल्या लेखकाने लिहिलंय. नंतरच्या सिनेमांनी ते आपल्या डोक्यात बसवलं. मूळ गोष्टीत काकांच्या तोंडी असं एक अक्षर नाही. शेवटच्या चित्रात पीटर मान खाली घालून अंधारात चालत जातो आणि तिथल्या चौकटीत निवेदक ते वाक्य म्हणतो. तेव्हा काका जिवंतही नसतात.

मी बायंडर. भावाबरोबर कोल्हापुरात बायंडिंगचं दुकान चालवलं, आता ते पुतण्या बघतो. मूळ अंक आमच्यासारख्याला कुठला दिसायला, पण तो काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने २०१९ साली त्याची हुबेहूब प्रत काढली, ती मुलीने आणून दिली. कसलाही अंक हातात आला की आधी कडा बघायची माझी खोड. नव्या प्रतीच्या कडा अर्थातच सरळ आहेत. पण साठच्या दशकातल्या मार्व्हलच्या कितीतरी अंकांच्या उजव्या कडेचे बारीक टवके उडालेले असतात. संग्राहक त्याला ‘मार्व्हल चिपिंग’ म्हणतात आणि त्यावरून भाव पाडतात. कारण आमच्या धंद्यातलं आहे. कटिंग मशीनचं पातं वेळेवर धारेला दिलं नाही की कागद कापला न जाता तुटतो. विकला गेलेला तो अंक किती चांगल्या स्थितीत आहे याच्या मोजणीत १० पैकी ९.६ गुणांचा होता. म्हणजे तो कापला त्या दिवशी कुणीतरी धारेचं पातं लावलं होतं, आणि नंतर कुणीतरी अंक फारसा उघडला नाही. या दुसऱ्या गोष्टीचेच एवढे पैसे मिळतात, हे मला पटत नाही, पण ते असो.

अंकाचं नाव ‘अमेझिंग फॅन्टसी’, क्रमांक १५, मुखपृष्ठावर ऑगस्ट १९६२. मासिक मरायला टेकलेलं होतं. आधीच्या अंकापर्यंत नावात ‘अडल्ट’ हा शब्द होता, तो याच अंकात गाळला. शेवटी पुढच्या अंकात याच नव्या नायकाचे आणखी पराक्रम वाचा, अशी जाहिरातही आहे. तो पुढचा अंक तेव्हा निघालाच नाही. स्पायडरमॅनला स्वतःचं मासिक मिळालं ते मार्च १९६३च्या तारखेने.

आणि गोष्ट काय आहे! अवघी ११ पानं. वर्गातली पोरं टर उडवतात असा एक हुशार, किडकिडीत मुलगा. घरी काका-काकू लाड करतात, आवडीचे धिरड्यांसारखे केक नाश्त्याला देतात, पैसे साठवून त्याला हवा असलेला मायक्रोस्कोप आणतात. किरणोत्सर्गी कोळी चावल्यावर हा मुलगा करतो काय, तर आधी कुस्तीच्या आखाड्यात क्रशर होगनला गारद करून शंभर डॉलर मिळवतो आणि मग टीव्हीवर खेळ करू लागतो. जगाचं काही होवो, आपलं नि काका-काकूंचं बघू, हे तो स्वतःशी ठरवून टाकतो. म्हणून स्टुडिओत चोर समोरून पळाला, मागून पोलीस ओरडत आला, तरी हा जागचा हलत नाही. साधा पाय आडवा घातला असतास तरी पुरे होतं, असं पोलीस चिडून म्हणतो. पुढे काकांचा खून होतो आणि गोदामात पकडलेल्या खुन्याचा चेहरा उजेडात येतो, तो त्याच चोराचा. स्वतःच्या आखडूपणाने घरचं माणूस गेलं, अशी नायकाची सुरुवात आमच्या चित्रकथांतल्या वेताळाच्या (फॅन्टमच्या) गोष्टींत मी कधी वाचली नव्हती.

बाकीच्या १३ पानांत तीन गोष्टी आहेत, त्यांचा आपल्या लेखात उल्लेखही नाही. ज्वालामुखी फुटतोय, सगळं बेट रिकामं होतंय आणि एक म्हातारा घंटा वाजवायला एकटाच मागे थांबतो. दुसरीत पोलीस मागे लागलेला चोर संग्रहालयात शिरतो, ममी त्याला आपल्या पेटीत लपायला जागा देते आणि चोर बाहेर पडतो तो प्राचीन इजिप्तमध्ये, गुलाम होऊन. तिसरीत मंगळावरच्या पाहुण्यांचा शोध चालू असतो. बाहेर पडू नकोस, असं नवऱ्याने बजावलेलं असूनही बायको दुकानात जायला निघते आणि पकडली जाते. मग कळतं की मंगळावरचे ते हेच दोघे. घंटेची गोष्ट मला जरा भाबडी वाटली, मंगळाची मात्र फक्कड. गंमत म्हणजे एकाच अंकात पोलिसांपासून पळणारे दोन चोर आहेत. एकाला शिक्षा होते ती वाचून आपण हसतो, दुसऱ्याला सोडून दिल्याची शिक्षा नायक भोगतो.

चारही गोष्टींची चित्रं स्टीव्ह डिटकोची. मुखपृष्ठाचं रेखाटन जॅक कर्बीचं, त्यावर शाई डिटकोची. आपल्या लेखात नाव फक्त गोष्ट लिहिणाऱ्या स्टॅन ली यांचं. डिटकोने सगळा चेहरा मुखवट्याने झाकला आणि भीती, उर्मटपणा, पश्चात्ताप सारं खांद्यांतून नि बोटांतून दाखवलं. या २४ पानांची मूळ चित्रं २००८ साली कुणीतरी नाव न सांगता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला फुकट देऊन टाकली. म्हणजे छापील प्रतीला ३६ लाख आणि मूळ चित्रांना शून्य! लेखाला खरी चौकट हवी होती ती याची. त्या पानांवर ली यांच्या हातची सूचनाही आहे. मोटार टपाची दाखव, बेफाम हाकताहेत असं वाटायला नको, असं सांगणारी. डिटकोने तशी बदलून दिली.

आता विनंती. दुरुस्ती छापाल तेव्हा डिटकोचं नाव घालाच. शिवाय आपल्या मुलांच्या पानावर दर रविवारी चित्रकथा येते, तिच्यावर ना लेखकाचं नाव असतं ना चित्रकाराचं. त्या १९६२च्या अंकात नायकाच्या गोष्टीच्या पहिल्याच पानावर दोघांची नावं आहेत. अक्षरं काढणाऱ्या आर्टी सिमेकचं मात्र नव्हतं, रंग देणाऱ्याचंही नाही, आणि आम्हा बायंडरांचं तर कुठेच नसतं. आपल्याकडे निदान पहिल्या दोघांपासून सुरुवात करा. आठ पॉइंटाच्या बारीक अक्षरात एक ओळ लागेल, जागा मी मोजून पाहिली आहे. चित्रकथेच्या खाली उजवीकडे सहज बसते.

कळावे,
एक निवृत्त बायंडर, कोल्हापूर