रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघड पत्र.

तीन दिवस त्या बाळंतिणींच्या वॉर्डात मी फक्त पिशव्या उचलणारा माणूस होतो. काही विचारलं की उत्तर ठरलेलं: "घरातल्या कुणा बाईला पाठवा." तिसऱ्या दिवशी बाळाचं वजन ३.१ किलोवरून २.९ वर आलं. दिवसपाळीच्या बाई "दूध पुरत नसेल" एवढंच म्हणाल्या आणि फाईल मिटून पुढच्या खाटेकडे गेल्या. बायको दुपारभर रडत होती. बोलणाऱ्याला ते संध्याकाळी आठवलंही नसेल.

रात्री तुम्ही आलात आणि चक्क खुर्ची ओढून बसलात. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, दहा-चौदा दिवसांत भरून येतं, म्हणालात. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. पाचव्या दिवसापासून शूचे लंगोट मोजायचे. दिवसाला सहा किंवा जास्त ओले झाले, की समजायचं पोटात दूध जातंय. मोजायचं काम तुम्ही मला दिलंत. मला!

मग लंगोट बदलायची वेळ आली. मी सवयीने बाजूला सरकलो. तुम्ही दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातलेत. "बाबा, या. मी हात लावणार नाही."

चारदा चुकलो. लंगोट नाळेवर चढला, तो खाली दुमडायला तुम्ही नुसत्या मानेनेच खुणावलंत. पोराने मध्येच माझ्या बाहीवर धार सोडली. तुम्ही खळखळून हसलात, पण हात खिशातच. "मानेला आधार द्या, बाकी काही मोडत नाही." तुमच्या हाताला ते अर्ध्या मिनिटाचं काम. मला दहा मिनिटं लागली, तेवढा वेळ तुम्ही उभ्या होतात.

कामात वाकबगार माणसं पुष्कळ असतात. समोरच्याला ओशाळं न करता शिकवणारी मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. पगाराच्या कागदावर या गुणाला रकानाही नसतो बहुतेक.

घरी आल्यावर वहीत रेघा मारून लंगोट मोजले. सहाव्या दिवशी सात. बाराव्या दिवशी वजन ३.२. नाळही आपली आपण पडली.

परवा माझा धाकटा भाऊ आला होता. बाळाला घ्यायला घाबरत होता. मी त्याला बसवलं, बाळ मांडीवर दिलं आणि हात खिशात घातले.

तुमचा,
बाळाचा बाबा