घाटमाथ्यावरचे जुने घर आणि पुण्याचे बाथरूम

महोदय,

पावसाळा संपला की पुण्यातील अनेक कुटुंबे महाबळेश्वर, पाचगणी किंवा लोणावळ्याच्या आपल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीला हात घालतात आणि त्यात पहिला क्रमांक बहुधा बाथरूमचा लागतो. वृत्तपत्रांच्या घरसजावटीच्या पुरवण्यांत बाथरूमविषयी पुष्कळ छापून येते. मात्र ते जवळजवळ सगळे शहरातील फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते आणि पुण्याचा ठेकेदारही तोच हिशेब घेऊन घाट चढतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरात साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक. ज्याने हा फरक ध्यानात घेतला नाही, त्याचे काम दोन-तीन पावसाळ्यांत उघडे पडते.

तिकडच्या बऱ्याच जुन्या घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी शोषतो आणि पुढे कोरड्या हवेत चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून जमिनीपासून छतापर्यंत टाइल्स बसवल्या की ओलीला वाट राहत नाही. पाचगणीला एका परिचितांच्या घरी हे मी जवळून पाहिले. चकचकीत टाइल्सवर बोटाने टकटक केले, तर निम्म्या ठिकाणी पोकळ आवाज येत होता. पलीकडच्या निजायच्या खोलीत त्याच भिंतीला लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारे क्षार) लागून पोपडे सुटले होते आणि भिंतीत रोवलेल्या सागवानी तुळईच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर विनासायास रुतत होता. ठेकेदाराने मात्र सगळा दोष गळक्या नळावर ढकलला! माझ्या मते टाइल्स जिथे थेट पाणी उडते तेवढ्याच भागात असाव्यात आणि उरलेल्या भिंतीला चुन्याचाच गिलावा व चुन्याचीच सफेदी द्यावी. दिसायला ते साधे वाटेल, पण भिंत टिकेल.

बाथरूम वरच्या मजल्यावर असेल, तर प्रश्न वजनाचाही असतो. फ्लॅटच्या स्लॅबवर घालतात तसा चार इंचांचा ब्रिकबॅट कोबा (पाणी झिरपू नये म्हणून विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा घातलेला थर) लाकडी तुळयांवर घातला, तर पाच बाय सात फुटांच्या छोट्या बाथरूमवरही सहाशे किलोंहून अधिक भार कायमचा बसतो, आणि त्यात टाइल्स, कमोड किंवा माणसे धरलेली नाहीत. त्याआधी तुळया कोणी तपासल्या, हे मालकाने विचारलेच पाहिजे. शक्य असेल, तर बाथरूम तळमजल्यावर आणावे हे उत्तम. नळाचे पाइप लपवण्यासाठी दगडी भिंतीत झिऱ्या (लांब खाचा) मारण्याचा आग्रहही सोडावा. त्याने दगडांची पकड सुटते. क्लॅम्पवर बसवलेले उघडे पाइप डोळ्यांना खटकत असतील, पण गळती लागलीच तर ती दिसते. फरशीचा उतार पाच फुटांमागे पाऊण ते एक इंच असावा आणि टाइल्स बसवण्यापूर्वी जाळीचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून पाहावे. ही चाचणी टाळण्याकडे ठेकेदारांचा कल असतो, कारण तेवढे दिवस मजूर बसून राहतात.

थंडी आणि झड यांच्या भीतीने बाथरूमची खिडकी बुजवून आत गॅस गिझर बसवण्याची पद्धत तर जिवावर बेतणारी आहे. बंद जागेत ज्वलनाला प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि आतल्या माणसाला काही कळण्यापूर्वी शुद्ध हरपते. गॅस गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत बसवावा. विजेचा गिझर घ्यायचा असेल, तर जुन्या वायरिंगला अर्थिंग आहे का ते आधी पाहावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

ही घरे महिनोन्‌महिने बंद असतात, त्यामुळे नहाणी ट्रॅपमधले (जाळीखाली पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्यातले) पाणी आटते आणि कुलूप उघडताच दुर्गंधी व झुरळे स्वागताला हजर असतात. जाताना ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर थोडे गोडेतेल सोडले, तर पाणी लवकर उडत नाही. बाथरूमसाठी भिंतीबाहेर नवे बांधकाम काढायचे झाल्यास महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणून परवानगीची चौकशी आधी करावी, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या पुरवणीने या विषयावर एखादा लेख त्या भागातील चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांना विचारून छापावा, अशी विनंती आहे. तो दिवाळीच्या सुमारासच यावा, कारण चुन्याचा गिलावा सावकाश वाळतो आणि मे महिन्यात काढलेल्या कामावर जूनचा पाऊस येऊन पडतो.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे